विश्लेषण : ४० अश्वशक्तीची नॅरोबोट रोन नदीत प्रवाहाविरुद्ध कशी चढते?

इंग्लंडच्या चिंचोळ्या कालव्यांसाठी बांधलेली नॅरोबोट घेऊन फ्रान्सच्या दक्षिणेला उतरण्याची हौस अनेक ब्रिटिश कुटुंबांना असते. उतरताना फारसे काही वाटत नाही. रोन नदी नाव पाठीवर घेऊन निघते आणि लिऑनपासून भूमध्य समुद्राजवळच्या कालव्यांपर्यंतचा सुमारे ३०० किमीचा पल्ला चार-पाच दिवसांत आटोपतो. अडचण येते ती परतताना. पाण्यावरूनच परतायचे, तर वाट एकच आहे. तीच रोन, पण आता समोरून अंगावर येणारी.

ही वाट आज छोट्या नावेला शक्य का झाली, ती अजूनही धोक्याची का आहे आणि तिच्यात इंजिनाइतकाच व्हिसाचा प्रश्न कसा शिरला, याविषयी.

नॅरोबोट म्हणजे नेमकी कशी नाव?

नावाप्रमाणे अरुंद. रुंदी साधारण २.०८ मीटर, म्हणजे सात फुटांच्या आत. लांबी मात्र २२ मीटरपर्यंत असू शकते. अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने इंग्लंडच्या मध्य भागात कालवे खोदले, तेव्हा खर्च आणि पाणी वाचावे म्हणून लॉक जेमतेम सात फूट रुंद ठेवले. (लॉक म्हणजे पनामा कालव्यात असते तशी दोन दारांची पाण्याची खोली. आत पाणी भरून नाव वर उचलायची किंवा सोडून खाली उतरवायची.) त्या मापात बसेल ती नॅरोबोट. तेव्हा त्यातून कोळसा आणि चिनी मातीची भांडी जात, काठावरून घोडा ती ओढत असे. आता आत स्वयंपाकघर, पलंग, लाकडाची शेगडी असते आणि लोक त्यात वर्षानुवर्षे राहतात.

रोनच्या दृष्टीने महत्त्वाच्या बाबी तीन. पोलादी नावेचे वजन बहुधा १५ ते २० टन. तळ सपाट, पाण्याखाली जेमतेम दोन-अडीच फूट. आणि इंजिन ३५ ते ५० अश्वशक्तीचे, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लहान मोटारीएवढे. इंग्लंडच्या कालव्यांवर वेगमर्यादाच ताशी चार मैल, साडेसहा किमीच्या आत आहे. त्यामुळे तिथे हे इंजिन निवांत गुरगुरत असते. खोल पाण्यात सपाटून चालवली तरी अशी नाव ताशी नऊ-दहा किमीच्या पुढे सहसा जात नाही. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढचे सारे गणित त्यावर उभे आहे.

नॅरोबोटने फ्रान्स गाठण्याचे वेड सर्वदूर पोहोचवले ते टेरी डार्लिंग्टन यांच्या ‘नॅरो डॉग टू कार्कासॉन’ या २००५ मध्ये आलेल्या पुस्तकाने. निवृत्त नवरा-बायको आणि एक कुत्रा, अशा तिघांनी इंग्लिश खाडी ओलांडून रोनमार्गे दक्षिण गाठली. पुस्तकाच्या नावात मुक्काम आहे, परतीचा प्रवास नाही.

परतीसाठी दुसरा मार्ग का नाही?

फ्रान्समध्ये कालव्यांचे जाळे मोठे आहे, पण ते दोन तुकड्यांत आहे. उत्तर आणि मध्य फ्रान्सचे कालवे एकमेकांना जोडलेले आहेत. दक्षिणेकडे मिदी कालवा, त्याला पुढे जोडणारा गारोन नदीलगतचा कालवा आणि भूमध्य समुद्राच्या काठाने जाणारा रोन–सेत कालवा, असा वेगळा गट आहे. या गटाला पश्चिमेकडे बोर्दोपाशी समुद्र आहे. नॅरोबोट घेऊन बिस्केच्या उपसागरात शिरण्याचा विचार शहाणा माणूस करत नाही. उरते पूर्वेकडचे तोंड. तिथे सँ-जील गावाजवळच्या लॉकमधून नाव रोनच्या ‘छोटी रोन’ या फाट्यात शिरते, सुमारे २० किमी वर गेल्यावर आर्ल शहराच्या वरच्या अंगाला मुख्य नदीला लागते आणि तिथून लिऑन २७९ किमी.

पर्याय म्हणजे क्रेन आणि ट्रक. बरेच मालक तोच निवडतात आणि त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र वीस टनांची नाव उचलून शेकडो किमी वाहून नेण्याचा खर्च मोठा असतो. काहींनी तर नाव हेच घर केलेले असते.

पाण्याला ओढ किती असते?

रोन ही फ्रान्समधली सर्वात बलदंड नदी. स्वित्झर्लंडमधल्या हिमनदीतून निघते, जिनिव्हा सरोवरातून बाहेर पडते, लिऑनला सोन नदीला पोटात घेते आणि दक्षिणेला वळते. समुद्राजवळ बोकेर येथे तिचा सरासरी विसर्ग सेकंदाला सुमारे १,७०० घनमीटर, म्हणजे आपल्या धरणांच्या बातम्यांतील भाषेत सुमारे ६० हजार क्युसेक. हा पूर नव्हे, सरासरी. डिसेंबर २००३ च्या पुरात हाच आकडा ११,५०० घनमीटरच्या आसपास, म्हणजे चार लाख क्युसेकवर गेला होता.

पाणी कमी असताना बहुतेक टप्प्यांत प्रवाहाचा वेग ताशी तीन-चार किमी असतो. नदी अरुंद होते तिथे तो वाढतो. बर्फ वितळून किंवा पावसाने पाणी चढले की सात-आठ किमी होणे नवलाचे नाही.

आता गणित. समजा नाव स्थिर पाण्यात ताशी दहा किमी चालते. समोरून तीन किमीचा प्रवाह असेल, तर काठाच्या हिशेबात ती सात किमी पुढे सरकते आणि ३०० किमीला सुमारे ४३ तास लागतात. प्रवाह सहा किमी झाला, तर ७५ तास. आठ झाला, तर उरतात दोन किमी, आणि तोच प्रवास १५० तासांचा होतो. प्रवाह तीनवरून आठवर गेला, म्हणजे पावणेतीनपट झाला, तर वेळ साडेतीनपट होतो. आणि हे सारे तास इंजिन जोरात चालवायचे. प्रवाह दहावर पोहोचला, तर इंजिन गर्जत राहते आणि काठावरचे झाड हलत नाही.

मग इंजिनाचा जोर वाढवावा? तो मार्गही लवकर संपतो. पाण्यात वेग वाढवण्यासाठी लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी सहा किमीवरून नऊवर जायचे, तर वेग दीडपट, पण शक्ती सुमारे साडेतीनपट लागते. कालव्यावर तासाला एक-दोन लिटर डिझेलवर भागणारी नाव रोनमध्ये त्याच्या तिप्पट-चौपट पिते.

यंत्रे नव्हती, तेव्हा नावा वर कशा जात?

घोड्यांच्या जोरावर. रोनच्या इतिहासातला हा सर्वात रंगतदार भाग आहे.

लिऑनहून माल घेऊन खाली जायला काही दिवस पुरत. उलट्या दिशेने मात्र पाच-सहा नावा एकामागे एक बांधून ताफा करत आणि काठावरून दोन-तीन डझन घोडे, मोठ्या ताफ्याला त्याहूनही जास्त, तो ओढत. समुद्रकाठचे मीठ हा वर जाणारा मुख्य माल. लिऑन गाठायला तीन-चार आठवडे लागत, पाणी चढले तर आणखी. काठाची वाट संपली की घोडे नावेत चढवून पलीकडच्या तीरावर न्यायचे आणि पुन्हा जुंपायचे. जाड दोर तुटला, तर ताफा मागे वाहत जायचा. तसे होऊ लागले की घोडे पाण्यात ओढले जाऊ नयेत म्हणून दोर कापण्यासाठी कुऱ्हाड हाताशी ठेवावी लागे. घोडे हेच खरे भांडवल होते.

कोंद्रिय, सेरिएर या गावांतल्या खलाशांची पिढ्यान् पिढ्यांची उपजीविका या कामावर होती. त्यांच्या बोलीत डावा-उजवा नव्हता. पूर्व तीराला ते ‘साम्राज्य’ आणि पश्चिम तीराला ‘राज्य’ म्हणत. मध्ययुगात नदीच्या पूर्वेला पवित्र रोमन साम्राज्य होते आणि पश्चिमेला फ्रान्सच्या राजाचा मुलूख. सीमा कधीच पुसली गेली, पण सुकाणू वळवण्याच्या हाकेत ती शतकानुशतके टिकली.

१८२० च्या दशकात या खोऱ्यातला अभियंता मार्क सगँ याने वाफेच्या बोटींचे प्रयोग सुरू केले. अनेक नळ्यांचा त्याचा बॉयलर याच काळातला, आणि तो पुढे रेल्वे इंजिनात गाजला. पण रोनपुढे वाफेचीही दमछाक होत असे. चाके पाण्यात नुसती फिरत राहत. त्यावर १८४० च्या सुमारास क्लोद व्हेर्पियो याने तोड काढली. बोटीच्या मधोमध एक प्रचंड दातेरी चाक, ते थेट नदीच्या तळाला टेकवायचे आणि तळातल्या गोट्यांत दात रोवत बोटीने अक्षरशः चालत वर जायचे. पाण्याचा आधार पुरत नाही, म्हणून जमिनीचा घेतलेला. १८५० च्या दशकात लिऑन–मार्से रेल्वे धावू लागली आणि काठच्या घोड्यांसकट हे सारे जग आटोपले. प्रोव्हान्सची बोली साहित्यात आणणारे आणि पुढे १९०४ चे नोबेल मिळवणारे फ्रेदेरिक मिस्त्राल यांनी १८९७ मध्ये रोनवर दीर्घकाव्य लिहिले. त्याचा विषय हाच, घोड्यांनी ओढल्या जाणाऱ्या शेवटच्या ताफ्याचा वाफेच्या बोटीमुळे झालेला नाश.

मग आज ४० अश्वशक्तीला ते कसे जमते?

जमते, कारण ती जुनी रोन आता उरलेली नाही. लिऑनपासून समुद्रापर्यंत नदी सुमारे १६० मीटर उतरते. पूर्वी हा उतार सलग होता. आता त्याचा जिना झाला आहे.

फ्रान्सच्या संसदेने १९२१ मध्ये कायदा करून रोनच्या विकासाची तीन उद्दिष्टे ठरवली. वीज, जलवाहतूक आणि सिंचन. हे काम करण्यासाठी १९३३ मध्ये कोंपान्यी नास्योनाल द्यू रोन, म्हणजे ‘सीएनआर’ स्थापन झाली. वरच्या रोनवरचे जेनिसिया धरण १९४८ मध्ये सुरू झाले. खालच्या रोनवरचा पहिला मोठा प्रकल्प दोंझेर–मोंद्रागों, १९५२ चा. लिऑनच्या खालची साखळी १९८० मध्ये पुरी झाली. फ्रान्सच्या जलविजेपैकी सुमारे चतुर्थांश आज रोनवर तयार होते. म्हणजे हौशी नावाड्याला मिळालेला हा जिना मुळात विजेसाठी बांधला गेला. तो त्यावरून फुकटात चढतो, असे म्हणायला हरकत नाही.

बहुतेक टप्प्यांची मांडणी सारखी आहे. मूळ नदीवर बंधारा घालून पाणी बाजूच्या रुंद कालव्यात वळवायचे. कालव्याच्या शेवटी वीजघर आणि त्याला लागून लॉक. टर्बाइनमधून सुटलेले पाणी पुढे पुन्हा नदीला मिळते. नावा जातात त्या या कालव्यांतून. जुनी नदी बाजूला पडलेली असते. पों-सँ-तेस्प्री येथील तेराव्या-चौदाव्या शतकातला दगडी पूल हा एके काळी खलाशांना घाम फोडणारा अडथळा होता, कारण कमानींखाली पाणी उसळायचे आणि खांबावर आदळून नावा फुटायच्या. आज नावा तिकडे फिरकतही नाहीत. दोंझेरचा कालवा त्या पुलाला वळसा घालून जातो.

म्हणून ओढ संपली, असे मात्र नाही. हे धरणांचे साचलेले पाणी नव्हे. जेवढे पाणी वरून येते, तेवढे खाली जावेच लागते. प्रत्येक टप्प्यात बंधाऱ्याजवळचे पाणी खोल आणि संथ असते, तर टप्प्याच्या वरच्या टोकाला, आधीच्या वीजघराचे पाणी सुटते तिथे, ओढ सर्वाधिक असते. वर जाणाऱ्या नावेला हा अनुभव बारा वेळा येतो. लॉकमधून बाहेर पडले की निवांत, आणि जसजसे पुढचे लॉक जवळ येते तसतसा वेग मंदावत जातो. दोंझेर कालव्याच्या तोंडावर, विव्हिएर गावाखाली नदी दोन कड्यांच्या मधून जाते, तिथे ही ओढ विशेष जाणवते.

लॉकमध्ये काय होते?

आर्लच्या वरच्या फाट्यापासून लिऑनपर्यंत बारा मोठी लॉक आहेत. प्रत्येक १९५ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद. हजारो टनांचे बार्जचे ताफे आणि लांबलचक हॉटेल-जहाजे यांच्यासाठी ती आखलेली. त्यात दोन मीटर रुंदीची नॅरोबोट म्हणजे हौदात पडलेली पेन्सिल. बोलेनच्या लॉकमध्ये पाणी सुमारे २३ मीटर, म्हणजे सात-आठ मजली इमारतीइतके चढते. १९५२ मध्ये ते सुरू झाले, तेव्हा जगातले सर्वात खोल लॉक मानले जाई.

इंग्लंडमध्ये लॉकची दारे लोक स्वतः ढकलतात. इथे माणूसही दिसत नाही. ही सारी लॉक शातोनफ-द्यू-रोन येथील केंद्रातून दूरनियंत्रणाने चालवली जातात. नावाड्याने व्हीएचएफ रेडिओवर, जमेल तशा फ्रेंचमध्ये, आपण वर येत आहोत हे कळवायचे. हिरवा दिवा लागला की आत शिरायचे. मालवाहू आणि प्रवासी जहाजांना आधी मान, छोट्यांनी थांबायचे. लॉकमध्ये लाइफ जॅकेट सक्तीचे आहे. आतल्या भिंतींत पाण्याबरोबर वर सरकणारे खुंटे असतात. त्यांना दोराचा एक फेरा मारून टोक हातात धरायचे, गाठ मारायची नाही. खुंटा मध्येच अडकला आणि दोर बांधलेला असेल, तर पाणी वर चढत राहते आणि नाव मात्र खाली खेचली जाऊन कलंडते. पाणी भरले जाते ते तळातून आणि बरेच शांतपणे. इंग्लंडमधल्या जुन्या लॉकमधली खळबळ इथे नसते, असा अनेकांचा अनुभव आहे. रोनवरची लॉक दिसायला भीतीदायक, पण वागायला सौम्य आहेत. धोका लॉकमध्ये कमी आणि दोन लॉकच्या मध्ये अधिक.

मग धोका नेमका कुठे आहे?

सर्वात आधी इंजिनाच्या तापमानात. बहुतेक नॅरोबोटींत इंजिन थंड ठेवण्याची सोय साधी असते. पोलादी कवचाला आतून एक चपटी टाकी जोडलेली असते, इंजिनाचे गरम पाणी तिच्यातून फिरते आणि बाहेरच्या कालव्याच्या पाण्यामुळे निवते. तासाला दोन लिटर डिझेल जाळणाऱ्या इंजिनाला ती पुरते. पण बांधणाऱ्याने टाकीचा आकार कालव्याच्या हिशेबाने ठेवला असेल, तर सलग सहा-सात तास पूर्ण जोरात चालवल्यावर काटा लाल खुणेकडे सरकू लागतो. मग वेग कमी करावा लागतो, आणि वेग कमी केला की नाव जागच्या जागी थांबते. दहा किमीचा वेग कागदावर असणे वेगळे आणि तो दिवसभर टिकणे वेगळे. म्हणून रोनवर जाण्यापूर्वी एखाद्या संथ नदीत नाव तासन् तास पूर्ण जोरात चालवून तापमान पाहणे, हीच सर्वात उपयोगाची तयारी ठरते.

दुसरी गोष्ट नांगर. इंग्लंडच्या कालव्यात नांगर लागतच नाही. इंजिन बंद पडले, तर काठ दोन हातांवर असतो. रोनमध्ये इंजिन बंद पडले की नाव उलटी वाहू लागते, आणि खालून पाच हजार टनांचा ताफा येत असू शकतो. वजनदार नांगर, त्याला पुरेशी साखळी आणि लांब दोर, हे सारे नावेच्या पुढच्या टोकाला तयार हवे. वर जाणाऱ्या नावेने तो टाकला की तिचे तोंड प्रवाहाकडेच राहते. मागच्या टोकाला बांधलेला नांगर तिला पाण्यात आडवी पाडू शकतो.

तिसरी गोष्ट लाटा. नॅरोबोटचा पुढचा भाग खोलगट असतो आणि तिथून आत जाण्याचे दार पाण्याच्या पातळीपासून फारसे उंच नसते. हॉटेल-जहाज शेजारून गेले की उठणारी लाट त्यात उतरते. दाराच्या फटी आणि हवेची भोके आधीच बुजवावी लागतात.

मुक्कामाचा प्रश्न वेगळाच. छोट्या नावांसाठीचे धक्के दूरदूर आहेत. आविन्यों, विव्हिएर, वालाँसचे मोठे बंदर, तुर्नों, ले रोश-द-कोंद्रिय, व्हिएन, अशी यादी हाताच्या बोटांवर संपते. कालव्याप्रमाणे दिवस मावळला की काठाला खुंटी ठोकली, असे इथे चालत नाही. काठ दगडी असतो आणि पाण्याखाली एकोणिसाव्या शतकात प्रवाह एकवटण्यासाठी घातलेले दगडी बांध दडलेले असतात. खुणेच्या बोयांबाहेर नाव नेणे म्हणजे त्यांच्यावर चढवणे. अनुभवी लोक वळणावर आतल्या बाजूने जातात, कारण तिथे प्रवाह मंद असतो, पण तेही बोयांच्या मर्यादेत.

उलट जाण्यात काही फायदाही आहे का?

आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही. प्रवाहाबरोबर जाणारी नाव झटकन थांबू शकत नाही. प्रवाहाविरुद्ध जाणारी नाव इंजिन थोडे मंद करून एका जागी उभी राहू शकते, पुढचे पाहू शकते, सावकाश धक्क्याला लागू शकते. सुकाण्यावरून पाणी सतत वेगाने वाहत असल्याने ते चांगले वळते. म्हणूनच नदीच्या नियमांत खाली येणाऱ्या जहाजाला वाट देण्याची जबाबदारी वर जाणाऱ्यावर टाकली आहे. कोणत्या बाजूने ओलांडायचे हेही वर जाणाराच सुचवतो. उजव्या अंगाने ओलांडायचे असेल, तर मोठे जहाज निळी पाटी दाखवते. तिचा अर्थ माहीत नसणे महागात पडते. परदेशी नावाड्याकडे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आणि त्यावर या अंतर्गत जलमार्गांच्या नियमांची परीक्षा दिल्याची नोंद असावी लागते.

वारा कोणत्या दिशेने?

समोरून. रोनच्या खोऱ्यात उत्तरेकडून येणारा ‘मिस्त्राल’ हा थंड, कोरडा वारा कुप्रसिद्ध आहे (कवीचे आडनावही तेच). तो ताशी १०० किमीचा वेगही गाठतो आणि कधी कधी अनेक दिवस थांबत नाही. वर जाणाऱ्याला पाणी आणि वारा दोन्ही विरुद्ध. नॅरोबोटच्या सपाट उभ्या बाजू त्याला शिडासारख्या सापडतात. धक्क्यावरून सुटणे आणि लॉकच्या तोंडाशी थांबून राहणे, दोन्ही अवघड होते. दक्षिणेचा वारा पाठीवर असला तरी सोपा नाही. तो प्रवाहाच्या विरुद्ध वाहत असल्याने आखूड, उभ्या लाटा उठवतो. मिस्त्राल सुटला की बांधून बसणे, एवढाच इलाज.

मग निघायचे कधी?

पाणी सर्वात कमी असते तेव्हा. आल्प्सचा बर्फ वितळून वसंत आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला नदी फुगलेली असते. हिवाळ्यात सोन नदी पावसाचे पाणी आणते. ऑगस्ट–सप्टेंबरमध्ये विसर्ग बहुधा उतरलेला असतो. शरद ऋतूत पश्चिमेच्या सेव्हेन डोंगरांवर ढग कोसळले की आर्देश, गार्दों यांसारख्या उपनद्या काही तासांत पूर आणतात. म्हणजे खिडकी लहान आहे. सीएनआर रोजचा विसर्ग आणि लॉकची स्थिती संकेतस्थळावर देते. पाणी ठरावीक पातळीवर गेले की वाहतुकीवर निर्बंध येतात आणि आणखी चढले की नदी बंद होते. तेव्हा थांबायचे. दिलासा एवढाच की वर जाताना नदी लहान होत जाते. द्युरान्स, आर्देश, ईझेर एकेक मागे पडतात. वालाँसला सरासरी विसर्ग सुमारे १,४०० घनमीटर, तर सोन मिळाल्यावर लिऑनला तो हजाराच्या आसपास. पहिले शंभर किमी सर्वात कठीण, पुढे हळूहळू सुसह्य.

थांबण्याची तयारी हीच या प्रवासाची मुख्य अट असताना नेमकी तीच आता महाग झाली आहे. ब्रिटन युरोपीय महासंघातून बाहेर पडल्यावर, १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटिश नागरिकाला विनाव्हिसा कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच शेंगेन क्षेत्रात राहता येते. आधी सँ-जीलच्या लॉकपाशी तीन आठवडे पाणी उतरण्याची वाट पाहणे हा नुसता कंटाळा होता. आता त्यात कोट्यातले एकवीस दिवस जातात. दक्षिणेच्या कालव्यांत महिनाभर घालवला, मग तीन आठवडे पाण्यासाठी आणि आठवडाभर मिस्त्रालसाठी, तर पुढचा सारा फ्रान्स पार करायला महिनाच उरतो. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर पासपोर्टच्या शिक्क्यांऐवजी प्रवेश-निर्गमनाची डिजिटल नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाल्याने दिवस मोजण्यात ढिलाईलाही जागा नाही. गंमत म्हणजे महासंघाबाहेरच्या मालकाची नाव तात्पुरत्या प्रवेशाच्या नियमाने १८ महिने राहू शकते. नावेला परवानगी आहे, मालकाला नाही.

यावर दीर्घ मुदतीचा व्हिसा काढणे, नाव बंदरात ठेवून मायदेशी जाऊन पुन्हा येणे किंवा प्रवास दोन हंगामांत वाटणे, असे उपाय लोक करतात. सगळ्यात वाईट उपाय म्हणजे दिवस संपत आले म्हणून चढत्या पाण्यात नाव घालणे. रोन माहीत असलेला भाड्याचा वाटाड्या सोबत घेणे हा त्यापेक्षा किती तरी शहाणपणाचा खर्च.

लिऑननंतर काय?

पिएर-बेनीतचे बारावे लॉक ओलांडले की थोड्याच अंतरावर ला म्युलातिएर येथे सोन आणि रोन यांचा संगम आहे. नदीचे किलोमीटर मोजण्याची सुरुवात इथून, म्हणजे वर येणाऱ्यासाठी हे शून्य. रोन उजवीकडे आल्प्सच्या दिशेला वळते, नाव डावीकडे सोनमध्ये शिरते. ही नदी इतकी संथ की पाणी कोणत्या दिशेला वाहते हे डोळ्यांना कळत नाही, असे ज्युलियस सीझरने दोन हजार वर्षांपूर्वी नोंदवून ठेवले आहे. इंजिनाचा आवाज इथे पुन्हा कालव्यातल्यासारखा होतो. सोनवरून उत्तरेकडे जाणारे तीन-चार कालवे फुटतात. त्यांपैकी बर्गंडीच्या कालव्याने पॅरिसकडे जायचे, तर २४२ किमीत १८९ लॉक आहेत.